सह्याद्रीचा घाटमाथा : पर्यटन, प्रकल्प आणि वन्य जीवांचे रक्षण

तापीच्या खोऱ्यापासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १,६०० किलोमीटर पसरलेल्या पश्चिम घाटाचा उत्तरेकडील भाग म्हणजे आपला सह्याद्री होय. गोदावरी, प्रवरा, भीमा, कृष्णा, कोयना, वारणा आणि भोगावती या नद्या याच डोंगररांगेत उगम पावतात. घाटमाथ्यावर पडणारा पाऊस अडविणे, मुरविणे आणि तो वर्षभर थोडा थोडा खाली सोडणे हे काम या डोंगरावरील अरण्ये, गवताळ पठारे आणि जांभ्या दगडाचे सडे अव्याहत करीत असतात. पूर्वेकडील शेती, शहरांचा पाणीपुरवठा आणि जलविद्युत केंद्रे ही सर्व याच कामावर अवलंबून आहेत.

पश्चिम घाटातील ३९ स्थळांचा समावेश २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत करण्यात आला. त्यांपैकी कास पठार, कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि राधानगरी अभयारण्य ही चार स्थळे महाराष्ट्रातील आहेत. हा मान मिळाला तेव्हाच या डोंगरावरील ताणही वाढत होता. शनिवार-रविवारी शहरांतून हजारो माणसे गडकिल्ल्यांवर, धबधब्यांकडे व पठारांवर जाऊ लागली आहेत. खनिज, वारा आणि पाण्याची उंची या तिन्ही गोष्टी घाटमाथ्यावर असल्याने खाणी, पवनचक्क्या आणि जलविद्युत प्रकल्पही तेथेच येतात. आणि याच डोंगरात गवा, सांबर, शेकरू, रानकुत्रा, बिबट्या यांचा अधिवास आहे. या तिन्हींचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न आता वन विभागापुरता राहिलेला नाही. तो ग्रामपंचायतीच्या सभेत, तहसील कचेरीत आणि शाळेच्या वर्गातही येऊन पोहोचला आहे.

मेळ म्हणजे समान वाटणी नव्हे

समतोल हा शब्द आपण अनेकदा निम्मे तुमचे, निम्मे आमचे अशा अर्थाने वापरतो. डोंगराच्या बाबतीत हा हिशेब लागू पडत नाही. काही हानी अशी असते की ती भरून निघते. पायवाटेवर गर्दी झाली आणि पुढल्या वर्षी ती वाट बंद ठेवली, तर गवत पुन्हा उगवते व जनावर पुन्हा त्या बाजूला येते. काही हानी मात्र कायमची असते. जांभ्याचा थर एकदा उकरून नेला, की तो परत तयार होण्यास मानवी आयुष्याच्या मोजमापात न मावणारा काळ लागतो. पहिल्या प्रकारच्या वापरास जागा, वेळ व संख्या यांचे बंधन पुरेसे असते. दुसऱ्या प्रकारच्या वापरास, ज्या जागेला पर्याय नाही तेथे, प्रारंभीच नकार द्यावा लागतो. कोणताही प्रस्ताव समोर आल्यास प्रथम हा भेद केला, तर पुढील निर्णय बराच सोपा होतो. घाटमाथ्यावरील काही उदाहरणांतून हे स्पष्ट होईल.

घाटमाथ्यावरील वन्य जीव

राधानगरी तालुक्यातील दाजीपूर येथे १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य स्थापन झाले. पुढे त्याचा विस्तार होऊन राधानगरी अभयारण्याचे क्षेत्र ३५१.१६ चौ. कि.मी. झाले. कोयना अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले असून त्याचे क्षेत्र ४२३.५५ चौ. कि.मी. आहे. चांदोलीस १९८५ मध्ये अभयारण्याचा व २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्याचे क्षेत्र ३१७.६७ चौ. कि.मी. आहे. कोयना व चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. सातारा, सांगली, कोल्हापूर व रत्नागिरी या चार जिल्ह्यांत तो पसरला आहे. उत्तरेस भीमाशंकर अभयारण्य आणि अकोले तालुक्यातील कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे.

नकाशावर ही क्षेत्रे हिरव्या ठिपक्यांसारखी सुटी दिसतात. वन्य प्राण्यांच्या दृष्टीने मात्र ठिपक्यांना जोडणारी वाट अधिक मोलाची असते. गोवा व कर्नाटकातील अरण्यांतून तिलारी, आंबोली, राधानगरी, विशाळगड असा मजल दरमजल करीत वाघ चांदोलीकडे येऊ शकतो. २०१८ नंतर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात वाघाची नोंद नव्हती. २०२३ च्या डिसेंबरात स्वयंचलित कॅमेऱ्यात पुन्हा वाघाचे छायाचित्र मिळाले. ही वाट शाबूत असल्याची ती खूण होती. या जोडवाटेचे महत्त्व ओळखूनच राज्य वन्यजीव मंडळाने २०२० मध्ये तिलारी, आंबोली-दोडामार्ग, चंदगड, आजरा-भुदरगड, गगनबावडा, विशाळगड, पन्हाळगड इत्यादी संवर्धन राखीव क्षेत्रांना मान्यता दिली. संवर्धन राखीव क्षेत्र ही तरतूद वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ यात २००२ च्या दुरुस्तीने आली आहे. अभयारण्यांना जोडणाऱ्या शासकीय जमिनींना संरक्षण मिळावे आणि त्याच वेळी भोवतालच्या लोकांचे हक्क अबाधित राहावेत, हा तिचा उद्देश आहे.

जोडवाट केवळ वाघालाच लागते असे नाही. भीमाशंकरचे शेकरू, जो आपला राज्यप्राणी आहे, झाडाच्या शेंड्यावरून शेंड्यावर जाते आणि सहसा जमिनीवर उतरत नाही. रस्ता रुंद करताना दोन्ही बाजूंच्या फांद्या एकमेकींपासून दूर गेल्या, तर शेकरूच्या दृष्टीने अरण्याचे दोन तुकडे होतात. यात्रेच्या सोयीसाठी रस्ता हवा हे खरे. परंतु काही ठिकाणी तरी फांद्यांची कमान राखता येईल अशी आखणी करणे अभियंत्यास अशक्य नसते.

पायवाट आणि प्राणी

गिरिभ्रमण करणारा मनुष्य बंदूक घेऊन जात नाही, झाड तोडत नाही. मग त्याच्यामुळे प्राण्यांचे काय बिघडते, असे विचारले जाते. याचे उत्तर प्राण्याच्या दिनक्रमात आहे. एप्रिल-मे महिन्यांत घाटमाथ्यावरील पाणवठे मोजकेच राहतात. पाण्याच्या कडेलाच तंबू पडले, रात्रभर दिवे व गाणी चालू राहिली, तर गवा व सांबर तेथे येत नाहीत. ते एक तर तहानलेले राहतात, किंवा खालच्या शेताकडे वळतात. तेथे पिकाचे नुकसान होते, माणूस व जनावर समोरासमोर येतात, आणि त्याची झळ पर्यटकाला न लागता शेतकऱ्याला लागते.

जगातील ६२ जातींच्या सस्तन प्राण्यांविषयीच्या ७६ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसाचा वावर वाढला की प्राणी दिवसाचे व्यवहार सोडून अधिकाधिक निशाचर होतात, असे त्यात आढळले. विशेष म्हणजे शिकार असो वा केवळ पायी भटकंती असो, प्राण्यांचा प्रतिसाद जवळपास सारखाच होता. माणूस निरुपद्रवी आहे की नाही, याची पारख करीत बसण्याची जोखीम जनावर घेत नाही.

वेळेचे महत्त्व आणखी एका उदाहरणाने कळते. पावसाळ्यापूर्वीच्या आठवड्यांत भंडारदरा, घाटघर परिसरातील हिरडा, बेहडा, जांभूळ यांसारख्या झाडांवर काजव्यांचे थवे लुकलुकतात. ते पाहण्यासाठी दूरवरून लोक येतात व त्यातून स्थानिक कुटुंबांना चार पैसे मिळतात. परंतु काजव्याचे लुकलुकणे म्हणजे नर-मादीने एकमेकांना दिलेला संकेत असतो. मोटारीचा प्रखर दिवा किंवा विजेरी झाडावर पडली की हा संकेत हरवतो आणि मीलनाचा अल्प काळ वाया जातो. पुढील वर्षीचे काजवे या वर्षीच्या अंधारावर अवलंबून आहेत. वन विभागाने वाहने व रात्रीची वेळ यांवर घातलेले निर्बंध म्हणूनच पर्यटनाच्या विरुद्ध नसून पर्यटन टिकविणारे आहेत.

आंबोलीच्या पठारावरही असाच योग येतो. तेथील जांभ्या कातळावर पावसाळ्यात साचणाऱ्या उथळ डबक्यांत एक लहानसा भेक अंडी घालतो. २००९ मध्ये शास्त्रीय वर्णन झालेली ही जात अतिसंकटग्रस्त मानली जाते. तिच्या प्रजननाचा काळ आणि वर्षासहलींच्या गर्दीचा काळ एकच आहे. डबके बोटभर खोल असते. एका मोटारीचे चाक त्यातून गेले तर एका जोडीची वर्षाची पैदास संपते. गाड्या उभ्या करण्याची जागा कातळापासून दूर निश्चित करणे एवढ्यानेच हे टाळता येते. उंच कड्यांच्या कपारीत हिवाळ्यात गिधाडे घरटी करतात, आणि कडे चढण्याचा हंगामही तोच असतो. कोणत्या कड्यावर घरटी आहेत हे गिर्यारोहण संस्थांना आधी कळविले, तर चढाईसाठी दुसरा कडा निवडता येतो.

कास पठाराचा अनुभव

सातारा शहराच्या पश्चिमेस सुमारे १,२०० मीटर उंचीवर असलेले कास पठार पावसाळ्याच्या उत्तरार्धात फुलांनी भरून जाते. तेरडा, गेंद, सीतेची आसवे, वायतुरा अशा अनेक वनस्पती तेथे आढळतात. त्यांपैकी काही अन्यत्र फारशा सापडत नाहीत. मातीचा थर काही बोटांचाच असल्याने त्यावर पाय पडला की फुलाबरोबर त्याची जागाही जाते. कीर्ती पसरल्यावर येथे गर्दी एवढी वाढली की बंधन घालणे अपरिहार्य झाले. आधी नोंदणी, प्रवेश शुल्क, दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा आणि ठराविक पायवाटा अशी व्यवस्था करण्यात आली. कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांकडे तिचे काम सोपविण्यात आले. शुल्कातून स्थानिक तरुणांना राखणदार व मार्गदर्शक म्हणून रोजगार मिळाला. गावाचे उत्पन्न फुलांच्या टिकण्याशी जोडले गेल्यामुळे पठाराची राखण हे गावाचे स्वतःचे काम झाले.

कासने दुसरा धडाही दिला. फुलांच्या रक्षणासाठी पठाराभोवती तारेचे कुंपण घालण्यात आले होते. परंतु पूर्वीपासून चरणारी गुरे व वन्य प्राणी यांना त्यामुळे अटकाव झाला. चराई थांबली की उंच गवत माजते आणि ठेंगण्या फुलझाडांना ऊन मिळत नाही, हा मुद्दा वनस्पतितज्ज्ञांनी मांडला व कुंपण काढण्याचा निर्णय घ्यावा लागला. रक्षण म्हणजे माणसाला व गुराला सरसकट दूर ठेवणे नव्हे, हे यावरून दिसते. कोणता वावर त्या जागेच्या घडणीचाच भाग आहे आणि कोणता नव्याने आलेला आहे, हे पाहूनच नियम केला पाहिजे.

बंधनामुळे पर्यटन संपते ही भीतीही निराधार आहे. माथेरानमध्ये मोटारींना प्रवेश नाही. त्याचा परिसर २००३ मध्ये, तर महाबळेश्वर-पाचगणीचा २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाला. दोन्ही ठिकाणची पर्यटकांची वर्दळ त्यामुळे आटलेली नाही. उलट मोटारींचा गोंगाट नसणे हेच माथेरानचे आकर्षण आहे.

सडा पडीक नसतो

आता कायमच्या हानीकडे वळू. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी, शाहूवाडी, चंदगड या भागांतील उंच पठारांच्या माथ्यावर जांभ्याबरोबर बॉक्साइट सापडते. ॲल्युमिनियमसाठी ते उपयोगी असल्याने तेथे खाणकाम झाले. बॉक्साइटचा थर माथ्यावरच असतो. म्हणून खाण म्हणजे प्रत्यक्षात पठाराचे वरचे झाकण काढणे होय.

या झाकणाचे कार्य समजून घेणे आवश्यक आहे. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यात मुरते, खालच्या घट्ट थरापर्यंत उतरते आणि कड्याच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. डोंगरउतारावरील अनेक वाड्यांना उन्हाळ्यात पाणी देणारे झरे हेच. त्यांच्यावर खालची राई तगते आणि राईवर गवा, सांबर, भेकर व धनेश. झाकण गेले की पाणी मुरण्याऐवजी माती घेऊन वाहून जाते. झाडे लावून खाणीची जागा हिरवी करता येते. परंतु झरा लावता येत नाही.

या नुकसानीस एक साधे प्रशासकीय कारणही हातभार लावते. आठ महिने सडा काळा, उघडा व ओसाड दिसतो. महसुली दप्तरात त्याची नोंद बहुधा पोटखराब किंवा पडीक अशी असते. प्रकल्पाची पाहणी रस्ते कोरडे असताना, म्हणजे हिवाळ्यात वा उन्हाळ्यात केली, तर तेथे काहीच नाही असा अहवाल तयार होतो. तोच सडा श्रावण-भाद्रपदात पाहिला तर फुले, बेडूक, कीटक आणि वाहते पाणी यांनी भरलेला आढळतो. म्हणून सड्यावरील कोणत्याही प्रस्तावासाठी पावसाळ्यातील पाहणी व पायथ्याच्या झऱ्यांची मोजणी यांचा आग्रह धरणे, ही संबंधित अधिकाऱ्याची व ग्रामसभेची पहिली जबाबदारी समजली पाहिजे.

वारा, पाणी आणि वीज

धूर न करणारी वीज ही आजची गरज आहे आणि तिचे साधन सह्याद्रीत आहे. तथापि धूर नाही म्हणून परिणामही नाही, असे होत नाही. पाटण तालुक्यातील वनकुसवडे व सातारा तालुक्यातील चाळकेवाडी या पठारांवर १९९० नंतरच्या दशकात मोठ्या संख्येने पवनचक्क्या उभ्या राहिल्या. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी चाळकेवाडी येथे केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्ष्यांचे प्रमाण जवळच्या मोकळ्या पठाराच्या सुमारे एक-चतुर्थांश होते. त्यामुळे गळ्याला रंगीत पंख्यासारखी पिशवी असलेल्या तेथील सरड्यांची संख्या वाढली. शत्रू कमी झाल्याने ते कमी सावध, तर अन्नासाठी आपसांत चढाओढ वाढल्याने अधिक कृश आढळले. या सरड्यांच्या वंशाला शास्त्रज्ञांनी मराठी ‘सरडा’ या शब्दावरूनच नाव दिले आहे. एका उंच खांबाचा परिणाम आकाशातील घारीपासून जमिनीवरील सरड्यापर्यंत कसा उतरतो, याचा हा उत्तम पुरावा होय. यावरून पवनचक्क्या नकोत असे ठरत नाही. त्या सर्व पठारांवर सलग उभारू नयेत, काही पठारे शिकारी पक्ष्यांसाठी मोकळी राखावीत, एवढे मात्र निश्चित ठरते.

जलविद्युतेचे उदाहरण अधिक बोलके आहे. कोयना प्रकल्पाची स्थापित क्षमता सुमारे १,९६० मेगावॉट आहे. शिवसागर जलाशयाने कोयना खोऱ्यातील जमीन व गावे पोटात घेतली, हे विसरता येणार नाही. मात्र जलाशय झाल्यानंतर त्याच्या काठचे अरण्य राखणे हे विजेच्याही हिताचे ठरले. कारण उतार उघडे पडले तर गाळ धरणात येतो आणि धरणाचे आयुष्य कमी होते. येथे वन्य जीव व वीज यांचे हित एकच आहे.

आता उदंचन जलविद्युत प्रकल्पांचा काळ आला आहे. वीज मुबलक असताना खालचे पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की ते खाली सोडून वीज मिळवायची, ही त्यांची पद्धत. अकोले तालुक्यातील घाटघर येथे २५० मेगावॉट क्षमतेचा असा प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. सूर्य व वारा यांपासून मिळणारी वीज साठविण्याचा हा मार्ग असल्याने राज्य शासनाने २०२३ मध्ये अशा प्रकल्पांसाठी धोरण जाहीर केले. त्यांना दोन जलाशयांत मोठ्या उंचीचा फरक लागतो. तो फरक घाटाच्या कड्याशी मिळतो, आणि वन्य प्राण्यांची जोडवाटही त्याच कड्याने जाते. म्हणून येथे जागेची निवड हाच खरा निर्णय आहे. एक जलाशय आधीच अस्तित्वात आहे काय, दुसरा जलाशय कोणत्या पठारावर येणार, बोगद्यातून निघणारा दगड-मुरूम कोठे टाकणार, बांधकामाचा रस्ता काम संपल्यावर बंद होणार की खुला राहणार, वीजवाहिनी अरण्याचा कोणता भाग कापणार, हे पाच प्रश्न प्रारंभीच विचारले पाहिजेत. यंत्रे सुरू झाल्यावर विचारून उपयोग नाही.

कायद्याविषयीचे गैरसमज

डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाने २०११ मध्ये व डॉ. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील गटाने २०१३ मध्ये पश्चिम घाटाविषयी अहवाल दिले. केंद्र शासनाने ३१ जुलै २०२४ रोजी प्रसिद्ध केलेल्या सहाव्या मसुद्यात सहा राज्यांतील ५६,८२५.७ चौ. कि.मी. क्षेत्र संवेदनशील म्हणून प्रस्तावित केले. त्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौ. कि.मी. आहे. या मसुद्यामुळे शेती बंद होईल, घर दुरुस्त करता येणार नाही, जमीन सरकारजमा होईल, अशी भीती अनेक गावांत पसरली होती. मसुद्यात तसे काही नाही. त्यात बंदी आहे ती खाणी, दगडखाणी व वाळूउपसा, नवे औष्णिक वीज प्रकल्प, अतिप्रदूषक उद्योग आणि २०,००० चौ. मीटर वा त्याहून मोठी नवी बांधकामे यांवर. जलविद्युत प्रकल्प अटींसह करता येतात. सध्याच्या घरांची दुरुस्ती व मालमत्तेचे हस्तांतरण यांना बाधा नाही. मसुदा मराठीत वाचून दाखविणे व शंकांचे निरसन करणे हे ग्रामसेवक, तलाठी व शिक्षक यांच्या हातचे काम आहे. न वाचलेल्या कागदाची भीती सर्वांत मोठी असते.

गावाचा वाटा

वन्य जीवांच्या रक्षणाची किंमत आजवर कोणी मोजली, याचाही विचार केला पाहिजे. कोयनेच्या जलाशयात जमिनी गेल्यावर काही कुटुंबे वरच्या उतारावर जाऊन राहिली. १९८५ मध्ये तोच उतार अभयारण्यात आला. चांदोलीच्या गावांनाही घरदार सोडावे लागले. आधी प्रकल्पासाठी आणि मग प्राण्यांसाठी जागा सोडणाऱ्यांना, शहरातील पर्यटकाच्या आनंदासाठी पुन्हा बाजूला सरा असे सांगणे न्यायाचे होणार नाही. साताऱ्याच्या पश्चिम भागात नवीन महाबळेश्वर गिरिस्थान विकसित करण्यासाठी २०१९ मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नियुक्ती करण्यात आली. अशा नियोजनात गावकरी जमीन विकून पहारेकरी होतात की आपल्या घरात पाहुणे ठेवून यजमान राहतात, यावर त्या भागाचे भवितव्य ठरणार आहे.

अरण्य राखून उपजीविका मिळू शकते, याची उदाहरणे डोळ्यांसमोर आहेत. महाबळेश्वरजवळील मांघर हे २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून घोषित झाले. मधमाश्यांना जांभूळ, हिरडा, कारवी फुललेली हवी. म्हणून तेथे उभे झाड हेच भांडवल आहे. आंबोली येथे हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी असलेल्या मंदिराच्या कुंडात २०२० मध्ये माशाची एक नवी जात सापडली आणि २०२१ मध्ये त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. देवाच्या श्रद्धेने राखलेल्या पाण्यात एक जात सुरक्षित राहिली. वाळलेली काटकीही न उचलण्याचा दंडक पाळणाऱ्या आपल्या देवराया याच परंपरेतील आहेत.

कर्तव्याची वाटणी

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असावयाची आहे. अनेक ठिकाणी ही नोंदवही कपाटात पडून असते. तिच्यात गावाचे झरे, सडे, पाणवठे, देवराई, घरट्यांचे कडे आणि प्राण्यांच्या नित्याच्या वाटा यांची नोंद झाली, तर प्रकल्पाचा प्रस्ताव येताच गावाकडे पुरावा तयार असेल. वनहक्क कायदा, २००६ ने ग्रामसभेला वन व वन्य जीवांचे रक्षण करण्याचा अधिकार दिला आहे. अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाच्या परवान्यापूर्वी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस आवश्यक आहे. हे अधिकार वापरल्यानेच टिकतात.

ग्रामपंचायत सदस्यांनी पर्यटनाच्या प्रश्नात तीन ठराव करावेत : कोणत्या पाणवठ्याजवळ तंबू नकोत, कोणते महिने कोणती वाट बंद, आणि एका दिवशी किती माणसे. शुल्काचा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गावातील एका झऱ्याचे पाणी दरमहा मोजून घ्यावे. घागर भरण्यास लागणारा वेळ घड्याळावर टिपला तरी पुरे. दहा वर्षांची अशी वही कोणत्याही अहवालाइतकी मोलाची ठरेल. अधिकाऱ्यांनी परवानगीच्या प्रत्येक कागदावर, होणारी हानी भरून निघणारी आहे की कायमची, हा प्रश्न आधी लिहावा आणि त्याचे उत्तर पावसाळ्यातील पाहणीनंतरच द्यावे.

कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, बी धरते आणि वाळून जाते. त्या एका हंगामात तिची झुडपे तुडविली गेली तर पुढची पिढी उगवत नाही. सह्याद्रीच्या बाबतीतही काही निर्णय असे एकदाच घेण्याची संधी मिळते. ती संधी दवडली जाऊ नये, यासाठी डोंगराची माहिती असलेला गावकरी आणि कायद्याची माहिती असलेला अधिकारी यांनी एका बैठकीत बसणे, हीच संतुलित विकासाची पहिली पायरी होय.